दर चौथा टाका उलटा

(मॉस्को, १९५६. रविवारची दुपार. सात बिऱ्हाडांच्या सामाईक घरातली एक खोली. टेबलाशी तिघी: कापा, तिची म्हातारी आई उस्तीन्या, आणि सात वर्षांनी छावणीतून सुटलेली तैसिया.)

कापा : जरा हळू बोल ना. ही भिंत म्हणजे नुसता पुठ्ठा आहे. चहात चमचा फिरवला तरी पलीकडची बाई विचारते, किती साखर घातली.

तैसिया : हळूच बोलतेय. गुरुवारी दहा वाजता तुला सरकारी वकिलाच्या कचेरीत बोलावलंय, एवढंच म्हटलं.

कापा : तुला कसं कळलं? मला चिठ्ठी कालच आली.

तैसिया : माझा खटला पुन्हा तपासा म्हणून मी अर्ज केलाय, तारीख तिथेच कळली. मग साक्षीदाराला बोलावणारच. आणि माझ्या खटल्यात साक्षीदार होते किती? तू एकटी.

उस्तीन्या : अगं, ही बाई कोण ते तरी सांगशील? आल्यापासून दोघींची नुसती कुजबुज. बाई, तू कोट काढ आधी. घरात आलीस का रस्त्यात उभी आहेस?

कापा : आई, ही तैसिया. आमच्या शिवणघरात होती, नाटकाच्या कपड्यांच्या. तू गावाहून आलीस त्याच्या आधी.

उस्तीन्या : आणि आता?

तैसिया : आता कालूगाच्या पलीकडे एका गावात राहते, मावशी. मॉस्कोपासून शंभर किलोमीटरच्या आत मला राहता येत नाही. दिवसा यायचं, संध्याकाळी परत. पाच चाळीसची गाडी आहे.

उस्तीन्या : तुरुंगात होतीस?

तैसिया : आधी तुरुंगात, मग उत्तरेला छावणीत. झाडं तोडायला.

उस्तीन्या : चोरी केलीस?

तैसिया : नाही हो. कागद कापला.

उस्तीन्या : कागद कापला म्हणून कुणी झाडं तोडायला पाठवतं होय?

कापा : आई, कोबीचं सार बघ जरा. करपेल.

उस्तीन्या : सार कुठं करपतं? तू बोल गं बाई.

तैसिया : राजाचा झगा शिवायचा होता. कापडाला कात्री लावण्याआधी आम्ही वर्तमानपत्रावर बेततो. घाईत सणाचा अंक हाताला लागला. मुंढ्याचा गोल आखला, कात्री चालवली, ती नेमकी देशाच्या थोर नेत्यांच्या फोटोवरून गेली. एक कान इकडे, मिशा तिकडे. कुणाच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी ते तुकडे कुणीतरी केराच्या टोपलीतून उचलून नेले. तिसऱ्या दिवशी मला नेलं.

उस्तीन्या : एवढं कसं गं तुला दिसलं नाही? कापताना बघतेस कुठं?

तैसिया : ते तुमच्या लेकीला विचारा.

कापा : तैसिया, मी हात जोडते तुला.

तैसिया : कुणी कापला तो कागद, कापा?

कापा : …मी.

उस्तीन्या : काय म्हणालीस?

कापा : मी कापला, आई. मी. त्यांनी मला पहाटे बोलावलं. समोर ते तुकडे मांडलेले. विचारलं, कात्री कुणाची? कात्री तिचीच होती, मी मागून घेतली होती. मी म्हटलं, तैसियाची. पुढचं सगळं त्यांनीच लिहिलं. मी फक्त सही केली.

उस्तीन्या : फक्त.

कापा : ऐक ना, तैसिया. मी ठरवलंय. गुरुवारी मी म्हणणार, आठवत नाही. सात वर्षं झाली, कोण काय लक्षात ठेवतं? आठवत नाही म्हणजे काही तुझ्या विरुद्ध नाही ना?

तैसिया : माझ्या बाजूनेही नाही. मी विचारून आलेय. तुला आठवलं नाही तर जुनी साक्ष तशीच राहते. ती खोटी होती असं तू सांगितलंस, तरच मला निर्दोष असल्याचा कागद मिळेल. तो मिळाला की मॉस्कोत राहायची परवानगी. मग माझ्या लेकीला, अस्याला, नणंदेकडून आणता येईल.

कापा : अस्या कशी आहे?

तैसिया : पंधरा वर्षांची झाली. उंच आहे. आज सकाळी तिच्याकडे गेले होते. मला 'तैसिया लुकीनिच्ना' म्हणते, वडिलांच्या नावासकट, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. चहा दिला, खुर्ची दिली. फार नीट वागते माझ्याशी. मला ते सहन होत नाही.

कापा : आणि खोटी साक्ष दिली म्हणून मलाच आत घातलं तर? मी शिवणघरात प्रमुख आहे आता. हाताखाली बावीस बायका आहेत.

तैसिया : आता घालत नाहीत. घातलंच, तर आत कसं राहायचं ते मी सांगून ठेवते. पाव मिळाला की एकदम खायचा नाही, आणि उशाखाली तर मुळीच ठेवायचा नाही. छातीशी ठेवायचा. पायाला गुंडाळायची फडकी रात्री अंगावर वाळवायची. माशाचा काटा सापडला तर टाकायचा नाही, त्याची सुई होते. आणि रोज सकाळी तोंड धुवायचं, बर्फाने का होईना. ज्या बायकांनी तोंड धुवायचं सोडलं, त्या वसंतापर्यंत टिकल्या नाहीत.

कापा : चेष्टा करू नकोस गं.

तैसिया : चेष्टा कुठली? अशीच जगले.

उस्तीन्या : दात कुठे गेले, पोरी?

तैसिया : चार तिथेच राहिले. हिरड्या सडतात, हात घातला की दात हातात येतो. बाकीचे लसणाने वाचले.

उस्तीन्या : छावणीत लसूण देतात?

तैसिया : कुठला देतात. पार्सल यायचं, वर्षातून एकदा, थंडी पडायच्या आधी. लाकडी डबा, वरून पांढरं कापड शिवलेलं. आत लसूण, कांदे, चरबीचा तुकडा. पाठवणारीचं नाव, आत्या पेलागेया. मला या नावाची आत्या नाही.

उस्तीन्या : पेलागेया? कापा, पेलागेया तर मी सांगायचे. मोझाइस्कच्या पोस्टात, खिडकीपाशी.

कापा : आई.

उस्तीन्या : मॉस्कोत असे डबे घेत नाहीत म्हणून मला गाडीने तिकडे धाडायचीस. म्हणायचीस, डबा घेणारी नवऱ्याची लांबची बहीण आहे, आजारी असते. मला वाचता येत नाही म्हणून काहीही सांगायचं? तो डबा मांडीवर घेऊन मी जायचे, येताना चिखलातून चालत. आणि मनात म्हणायचे, चला, लेकीच्या हातून पुण्य घडतंय. पुण्य कसलं. तू पाप फेडत होतीस, तेही माझ्या पायांनी.

कापा : तैसिया, तुला कधी कळलं?

तैसिया : पहिल्याच डब्याला. कापडाची शिवण बघितली. दर चौथा टाका उलटा. तो तुला कुणी शिकवला?

कापा : तू.

तैसिया : मग झालं तर. पहिला डबा मी बराकीत वाटून टाकला. लसणाची एक पाकळी तोंडात घातली नाही. म्हटलं, हिचं अन्न नको. त्याच हिवाळ्यात ते चार दात गेले.

कापा : आणि पुढच्या वर्षी?

तैसिया : पुढच्या वर्षी आधी शिवण उसवली. दोरा अख्खा निघाला, तो काडीला गुंडाळून ठेवला. मग खाली बसून दोन कांदे खाल्ले, सफरचंदासारखे. तुला शिव्या देत खाल्ले. रडतही होते, ते कांद्यामुळे म्हण हवं तर. त्या दोऱ्याने अधिकाऱ्याच्या बायकोच्या कॉलरवर वेल काढली. तिला आवडली. तिनं सांगून मला झाडतोडीवरून काढलं आणि शिवणाच्या खोलीत बसवलं. तिथे शेगडी होती. तिथे बसले नसते तर आज तुझ्यासमोर बसले नसते.

कापा : तू त्यांना माझं नाव का नाही सांगितलंस? तुला माहीत होतं ना, मी कापला ते?

तैसिया : सांगणार होते. तीन रात्री झोपू दिलं नाही, तेव्हा नाव ओठावर आलं होतं. मग वाटलं, दुसरं नाव आलं की ते म्हणणार, दोघींचा कट आहे. कटाला पंचवीस वर्षं. एकटीला दहा. मी स्वतःसाठी गप्प बसले, कापा. तुझ्यावर उपकार म्हणून नाही. उगाच ते डोक्यावर घेऊ नकोस.

कापा : मग तू माझ्यावर चिडलेली नाहीस?

तैसिया : आहे ना. खूप चिडलेय. अस्याची सात वर्षं गेली, तिला न्हाऊ घालायचं राहिलं, वेणी घालायची राहिली. आता ती स्वतःची वेणी स्वतः घालते, आणि छान घालते. ते कुठल्या डब्यात घालून पाठवणार आहेस? पण मी भांडायला आले नाही. आभार मानायलाही नाही. गुरुवारचं सांगायला आले.

कापा : मला भीती वाटते.

तैसिया : वाटू दे. मलाही वाटते. फक्त आठवत नाही म्हणू नकोस. तुला आठवतं. दर शरदात आठवत होतं.

कापा : काय म्हणू मग? मला नीट सांग. तिथे गेलं की माझी जीभ टाळूला चिकटते.

तैसिया : दोनच गोष्टी सांग. कात्री तिची. हात माझा.

उस्तीन्या : म्हण एकदा, इथे.

कापा : भिंत पुठ्ठ्याची आहे, आई.

उस्तीन्या : म्हणून तर. पलीकडची ऐकते त्यापेक्षा वकील काही जास्त ऐकणार नाही.

कापा : कात्री तिची. हात… हात माझा.

तैसिया : असंच.

उस्तीन्या : आता सार घ्या दोघी. पाच चाळीसला अजून वेळ आहे. तैसिया, पावाचं टोक घे तू, कडक आहे, पण… अगं, दात.

तैसिया : टोकच द्या, मावशी. सारात भिजवून खाते. आम्ही तिथे टोकासाठी भांडायचो.

कापा : तुझ्या कोटाची कॉलर उसवलीय, तैसिया. जायच्या आधी टाका घालून देते.

तैसिया : मी घालीन की घरी.

कापा : मला घालू दे.

तैसिया : …बरं. घे.

कापा : आई, दोऱ्याचा डबा दे ना. आणि ऐक, गुरुवारी आत गेल्यावर तोंडातून शब्द फुटला नाही तर? दारातूनच परत फिरले तर?

उस्तीन्या : मी येते बरोबर. सहा डबे मोझाइस्कला नेऊन पोचवले. तुला काय, एका दारापर्यंत तर पोचवायचंय.