तीन भोकांची कुंडी

नेरळच्या फलाटावर माथेरानची छोटी गाडी अजून लागायची होती. माझ्या बाकावर दहिवलीचा एक कुंभार आणि त्याची आई बसली होती. मधे टोपली, टोपलीत पेंढा आणि पेंढ्यात हिरव्या झिलईची उथळ कुंडी.

"आये, हिच्या बुडाची तीन भोकं कुठं गेली गं?"

"बुजवली. कुंडी कच्ची व्हती तवाच. वरनं झिलई पण मीच दिली."

"अगं, माथेरानच्या सायबानंच सांगितलीवती ती! पाणी निथळाया."

"आणि कुंभाराच्या घरचं भांडं गळतं म्हून गावभर झालं असतं! तीन दिस पाणी भरून ठेवलंवतं. थेंब नाय गेला."

"तीच तर पंचाईत! मुळं कुजून झाड मरंल. ही पसंत पडली तर आणिक बारा कुंड्या सांगणार हाय तो."

"झाड केवढं हाय?"

"जपानातनं आणलंय. चाळीस वर्सांचं. गुडघ्याएवढं."

"चाळीस वर्सांत गुडघ्याएवढं?"

"हां."

"मग वाढंल कसं रं? खालून भोकं पाडून वरनं पाणी घालतोय मेला!"

"आये, तू हितंच बस. मी सांगतो त्याला काय तरी."

"तू काय सांगणार? तूच तर भोकं पाडलीस."

गाडी लागली. टोपली घेऊन म्हातारी आधी चढली.