गच्चीवरची बारा पिंपं

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. लिहायचा अधिकार मला आहे की नाही ठाऊक नाही, चुकलं तर माफ करा. बाबा बोलले तसंच उतरवलंय.

काय सांगू तुला, आमचं गाव साताऱ्याकडचं, पलटणीत गेलो, दिल्ली छावणीतून हवालदार म्हणून सुटलो आणि गुडगावात नव्या सोसायटीत पाण्याच्या कामाला लागलो. नवी म्हणजे बिल्कुल नवी, लिफ्ट होती, नळाला पाणी नव्हतं. टँकर यायचा, ते पाणी मी गच्चीवर बारा पिंपांत भरायचो. पिंपं मीच निवडली, करोल बागेतून, पांढरी, पातळ, आतलं पाणी बाहेरून दिसेल अशी. पलटणीत साठा नजरेत ठेवायची सवय ना, तीच नडली. मला पाणी दिसायचं म्हणजे ऊनही आत जायचं. एप्रिलात शेवाळ धरलं, हिरवं, बुळबुळीत. तुरटी फिरवली, पिंपं घासली, आठवड्यात पुन्हा हिरवं.

त्यातच दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीवहिनींची चिनू, सहा वर्षांची, मला हवालदारकाका म्हणायची, ती उलट्या-जुलाबानं इस्पितळात. सेक्रेटरीसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, हवालदारजी, आपने तो तालाब बना दिया, अब मछली भी पाल लीजिए. लोक हसले. वहिनी जिन्यात भेटल्या, नुसतं बघून गेल्या, ते जास्त लागलं.

छावणीतल्या पाणीखात्यात माझा जोडीदार होता, माने, त्याला गाठलं. तो म्हणाला, अरे यार, घासून काय होतंय, उजेड बंद कर, उजेडावरच वाढतं ते. मग पिंपं रिकामी केली, ब्लीचिंगनं धुतली, वाळवली, बाहेरून काळ्या रंगाचे दोन हात दिले, वर गोणपाट गुंडाळलं, झाकणं घट्ट केली. आता आतलं दिसेना, म्हणून बोटांनी वाजवून पाणी ओळखायचं, अजून तसंच ओळखतो. चार दिवस हात काळे. तुझी आई म्हणायची, जेवून तरी घ्या. मी म्हणायचो, पोर घरी येऊ दे.

पाचव्या दिवशी वहिनी स्वतः गच्चीवर आल्या. मी ब्रश खाली ठेवला. म्हणाल्या, भाऊ, चिनू आज पेज प्यायली. मी विचारलं, पाण्यानंच झालं होतं का. म्हणाल्या, डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही. मग एका पिंपावर हात ठेवून म्हणाल्या, उद्या घरी आणतोय तिला, हे एक आमच्यासाठी भरून ठेवा.