नांदगावचं पाकीट

कॉलेज रोडला हाडांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. शेजारी एक काका-काकू. काकांच्या खिशाला दोन पेनं.

"दवाखान्याच्या पाकिटात किती उरलेत?"

"शंभर. बाकीचे तुमच्या दाताला गेले."

"आणि इथली फी सहाशे. तुझा गुडघा एक तारखेपर्यंत थांबला असता तर बरं झालं असतं."

"किराण्यातून घ्यायचे का?"

"एका पाकिटातले दुसरीकडे वापरायचे नाहीत. बजेट म्हणजे बजेट."

"बरं."

"नांदगावच्या पाकिटात किती असतील?"

"सहा हजार. आईला भेटायला जायचे पैसे आहेत ते."

"अगं, आईंना जाऊन वर्ष झालं."

"माहितीये."

"मग दर महिन्याला पाचशे टाकतेस कशाला?"

"तुमच्या यादीत आहे म्हणून."





"माझ्या मिसळीच्या पाकिटात किती आहेत?"

"सहाशे. अजून तीन रविवार जायचेत."

"त्यातून फी दे."

"आणि बजेट?"

"मीच केलंय ना ते."

"मग यादीतून नांदगाव खोडून टाका."

"टाकलं असतं. आज नेमकं पेन नाही माझ्याकडे."