मोहाखालचा पाला अन् पाच नंबर

चहा घ्या, सांगतो. एटापल्लीले एक बाई राहे अन् तिची लेक लता. बाई म्हणजे मीच.

लताले ती नवीनच कामाले लागली होती त्या संस्थेनं जुना लॅपटॉप देला होता. त्यात मशीन चालवाले फुकटचं लिनक्स. शनिवारपर्यंत गावांच्या याद्या फोनच्या तारेवरून नागपूरले धाडल्या, तरच तिची नोकरी पक्की होणार होती. अन् लॅपटॉपले फोनची तार जोडाचं कार्ड खुपसलं की मशीन मुकाट बसून जाय.

"काऊन रुसते वं ते?" मी विचारलं.

"माय, मशीनले हाक माराले हर कार्डाले एक नंबर लागते. ह्याले मशीन पाच नंबर देते, अन् तो आवाजाच्या कार्डानं आधीच धरला हाये."

"मंग देते काऊन?"

"आवाजाच्या कार्डानं धरल्याचं सांगतलंच नाई, तं मशीनले तो मोकळाच दिसते."

मले हसू आलं. "म्हणजे आवाजवाल्यानं पाला सारलाच नाई. मोहाची फुलं वेचाच्या दिवसात ज्यानं झाडाच्या बुडाखालचा पाला सारला, त्याचा तो मोह. नाई सारला, तर दुसरा येईनच ना टोपली घेऊन."

"अन् ज्याले सारताच येत नाई?"

"त्याच्यासाठी आपण सारून द्याचा. म्हाताऱ्या शेजारणीसाठी मी नाई सारत?"

लता हसली. मशीनच्या फाईलीत तिनं एक ओळ लिहिली, पाच नंबर कोणाले देऊ नको म्हणून. कार्ड खुपसलं. फोन किरकिरला, अन् याद्या गेल्या.

ते किरकिरणं मले अजून आठवते. त्याच महिन्यात आमच्या घरी पयल्यांदा पगार आला, अन् तो माह्या लेकीचा होता.