नवरा चार्जिंगले लावला

…अन् बायको वरून म्हणते, ‘हालू नका जी!’ आता तुमीच सांगा, कंपवाताच्या माणसाले कोणी ‘हालू नका’ म्हणते का? अरे, इतकी वर्षं हा उजवा हात माह्या बापाचं ऐकत नव्हता! मंग डॉक्टरनं डोक्यात तारा टाकल्या, छातीत कातडीखाली बॅटरी बसवली, अन् हात थांबला… आईशप्पथ, रडलो मी! पण बॅटरी म्हटली का चार्जिंग आलं. छातीवर बशीएवढा गोल अँटेना ठेवाचा अन् बसाचं गुमान. लोकं मोबाइल लावते, आमची वंदना नवरा लावते चार्जिंगले!

अन् काल सोयरिकीच्या धांदलीत चार्जिंगच राहून गेलं. बॅटरी उतरली, हात पुन्हा सुरू! त्याच संध्याकाळी आमच्या पोरीले, मेघाले पाहाले पाहुणे येणार, अन् मले एकच हौस, होणाऱ्या व्याह्यासमोर बशीत चहा ओतून फुर्रकन प्याचा. पोरीच्या सोयरिकीत बाप काय स्ट्रॉनं चहा पिते?

वंदनानं अँटेना ओढणीनं छातीवर बांधला. मशीन नुसतं टूं टूं टूं! चार्जिंग काही धरेना. ‘हालू नका जी!’ अवं, मी कुठं हालून राहिलो? हात हालून राहिला!

तेवढ्यात शेजारचे मधुसूदनराव टपकले. यायनं एके जमान्यात अख्ख्या मोहल्ल्याचे टीव्हीचे अँटेने फिरवले. म्हणे, ‘दिशा चुकली, गोपाळराव!’ अन् खुर्चीसकट मलेच फिरवाले लागले ना बाप्पा! ‘थोडं वाडीकडे… आलं का वहिनी?’ ‘नाई आलं!’ ‘बुटीबोरीकडे घेतो… आता?’ ‘नाई न जी!’ म्हटलं, आता गच्चीवर नेता का मले? तर हा माणूस खरंच जिन्याकडे पाहून राहिला! अन् दोघंही एका सुरात, ‘तुमी हालू नका!’

शेवटी मेघा आली. कपाळावर हातच मारला तिनं. ‘आई, उलटा बांधला वं तू!’ पलटवला, टूं टूं बंद, चार्जिंग सुरू. काहून पहिलेच पोरीले विचारलं नाई? पण आमचं ऐकते कोण!

संध्याकाळी पाहुण्यायसमोर कप उचलला. बशीत ओतला. सगळे माह्या हाताकडे पाहून राहिले… एक थेंब नाई सांडला! फुर्रर्र! मेघा हासली, वंदनानं पदर डोळ्याले लावला. मले वाटलं, आता ही काहीतरी गोड बोलते.

बोलली न! ‘थांबला न हात? मंग आतून पोह्याचा ट्रे तुमीच आणा. हाला न जी लवकर!’