एकोणीस दिवसांची तयारी

(व्हिडिओ संपला तरी दोघी बहिणी फोनच्या काळ्या पडद्याकडे बघत बसल्या होत्या. टोस्टरमधून टोस्ट खट्कन वर आला तशी कॅरिन दचकली. तिची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. उद्या सकाळी गाडी येणार होती. आतल्या खोलीत तिची सात वर्षांची एल्सी जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती.)

मार्लिस: टोस्ट घे. गार झाला की चामडं होतं त्याचं.

कॅरिन: टोस्टचं काय घेऊन बसलीस! कसा वाटला ते सांग ना.

मार्लिस: केस छान दिसतायत.

कॅरिन: मार्लिस!

मार्लिस: अगं, खरंच दिसतायत. हाच पाठवलास त्यांना?

कॅरिन: हाच. हजारो लोकांनी पाठवले होते, त्यातून दहा निवडले. दहा! त्या कार्यक्रमवाल्या बाई फोनवर म्हणाल्या, "कॅरिन, बाकीचे लोक जंगलात कसं राहायचं ते पैसे भरून शिकून येतात. तुम्ही ते लहानपणीच जगून आलायत." मला रडूच आलं गं. बरं झालं, तेव्हा कॅमेरा नव्हता. नाहीतर म्हणाल्या असत्या, परत एकदा रडा.

मार्लिस: मला पुन्हा सांग, करायचं काय असतं तिथे?

कॅरिन: किती वेळा सांगू? टीव्हीवर 'शेवटचा तंबू' तू एकदा तरी बघायचास. एका मोठ्या तळ्याच्या काठाने दहा जणांना लांब लांब सोडतात. सुरी, कुऱ्हाड, झोपायची पिशवी आणि कॅमेरा. खायचं ज्याचं त्याने शोधायचं. सोसवेनासं झालं की लाल बटण दाबायचं, बोट येते न्यायला. जो सगळ्यांच्या शेवटी उरेल तो जिंकला.

मार्लिस: आणि बाकीचे किती उरलेत, ते कळतं?

कॅरिन: नाही. तीच तर गंमत आहे.

मार्लिस: म्हणजे सगळे घरी जाऊन खिमा भरलेली गरम पास्टी खातायत आणि तू आपली झाडाची साल चघळत बसलीयेस. छान गंमत आहे.

कॅरिन: तू ना, माझ्या लग्नातसुद्धा अशीच बोलली होतीस. "केक बरा आहे, नवऱ्याचं बघू."

मार्लिस: केक बराच होता.

कॅरिन: हस. हस तू. पण मला एक सांग, या जन्मात मी धड केलेली एक तरी गोष्ट तुला आठवते? शाळा अर्धी सोडली. संसार अर्धा झाला. वृद्धाश्रमाच्या धोबीखोलीत अकरा वर्षं म्हाताऱ्यांच्या चादरी धुतल्या, तर त्यांनी मशीन आणली आणि मला सांगितलं, उद्यापासून येऊ नका. तीन महिने घरात बसलेय. एल्सी शाळेत सांगते, "माझी मॉम सध्या काही नाही." कुणी विचारलं, तुझी मॉम काय करते, तर असं सांगते ती. सध्या काही नाही.

मार्लिस: पोरं बोलतात काहीतरी.

कॅरिन: खरं तेच बोलतात. पण एक गोष्ट मी केलीय, मार्लिस. नऊ वर्षांची असताना. डॅडी शिकारीच्या कॅम्पला गेला आणि एकोणीस दिवस आलाच नाही, तेव्हा त्या केबिनमध्ये, बर्फात, मी टिकले. जिंकले-बिंकले तर एल्सीला स्वतःची खोली होईल, ते आहेच. पण मला एवढंच हवंय की ते जे सोसलं ते कशाच्या तरी उपयोगी पडावं. मला वाटतं, देवाने ते त्यासाठीच दिलं होतं. तयारी म्हणून.

मार्लिस: मीही होते तिथे.

कॅरिन: होतीस की! म्हटलंय ना व्हिडिओत. "माझी मोठी बहीण आणि मी."

मार्लिस: एकदा म्हटलंयस. पुढे सगळं "मी" आहे.

कॅरिन: ओहो! म्हणजे रुसायचं कारण हे आहे तर! अगं, ते तसंच बोलायला सांगतात. एकटीने जायचंय ना?

मार्लिस: रुसत नाहीये. त्यात तू म्हणतेस, तिसऱ्या दिवशी तुझी भूक बंद होते. ते काय आहे?

कॅरिन: होतेच. माझं शरीरच तसं आहे. पहिले दोन दिवस पोटात नुसती आग पडली होती, तू मला पाठीवर घेऊन फिरवत होतीस, आठवतं? आणि मग तिसऱ्या दिवशी एकदम शांत. बटण बंद केल्यासारखं. त्या बाईंना हे इतकं आवडलं! म्हणाल्या, असं लाखात एखाद्याचं असतं.

मार्लिस: तिसऱ्या दिवसापासून आपण काय खात होतो?

कॅरिन: ते गाजराचं सूप. नुसतं पाणीच की ते.

मार्लिस: तू दिवसाला तीन वाडगे प्यायचीस. नोव्हेंबरात, गुडघाभर बर्फात, गाजरं कुठून आली?

कॅरिन: तळघरातून.

मार्लिस: तळघरात बापाच्या बाटल्या होत्या. रिकाम्या.

कॅरिन: मग... दुकानातून आणली असशील.

मार्लिस: कशाने? कॅरी, नोव्हेंबरात आपल्याकडे जंगलात गाजरं कोण टाकतं?

कॅरिन: शिकारी. हरणांसाठी. ...नाही.

मार्लिस: आमिषाचे ढीग असायचे ठिकठिकाणी. गाजरं, बीट, मका. उजाडायच्या आत जायचं, शिकारी मचाणावर चढायच्या आधी. वरवरचं घ्यायचं नाही, संशय येतो. खालून ओढायचं. केशरी जाकीट बाप घेऊन गेला होता, म्हणून तुझी लाल टोपी घालून जायचे, निदान हरीण समजून कुणी मारू नये.

कॅरिन: टोपी तू चोरलीस म्हणून मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते.

मार्लिस: तीन.

कॅरिन: पण ससा? ससा तर मी धरला होता. माझ्या हाताने तारेचा फास लावला होता, शेडच्या मागे. सकाळी गेले तर त्यात ससा! ते खोटं नाहीये.

मार्लिस: फास तुझाच होता.

कॅरिन: बघ!

मार्लिस: ससा रस्त्यावर ट्रकखाली आलेला होता. मी त्याची मान तारेत अडकवून ठेवली.

कॅरिन: का?

मार्लिस: तू उठेनाशी झाली होतीस. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचीस. म्हटलं, पोरीला उठायला काहीतरी कारण पाहिजे.

कॅरिन: तो ससा मी त्यांना सांगितलाय, मार्लिस. फास कसा बांधला ते हातवारे करून दाखवलंय.

मार्लिस: बघितलं आत्ता. गाठ उलटी बांधतेस तू. त्यात उंदीरसुद्धा अडकायचा नाही.

कॅरिन: आणि सौना, आपली वाफेची न्हाणी? दर शनिवारी आपण सौना तापवायचो! उपाशी मरणारी माणसं सौना तापवतात का? दोघी वरच्या फळीवर बसून गाणी म्हणायचो. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले शनिवार होते ते.

मार्लिस: गाणी तू म्हणायचीस.

कॅरिन: आता यात काय खोट काढणार आहेस?

मार्लिस: शनिवारी ज्या घरच्या सौनातून धूर निघत नाही, तिथे शेजारी काय करतात?

कॅरिन: दार वाजवतात. सगळं ठीक आहे ना, विचारतात.

मार्लिस: मग. दार वाजलं असतं, घरात आई नाही, बापही नाही हे कळलं असतं, सरकारी माणसं आली असती. तू एका घरात, मी दुसऱ्या घरात. शाळेत चिठ्ठी मीच लिहून दिली होती, दोघींना कांजिण्या आल्यात म्हणून. शाळेत जेवण मिळालं असतं गं, पण तू पोटात काही ठेवणारी नव्हतीस. बाईंनी विचारलं असतं की सांगून मोकळी. म्हणून धूर करायचा. निम्मी लाकडं त्यात जायची. मग रविवार-सोमवार घरातली शेगडी थंड.

कॅरिन: मला आठवतंय, तू म्हणायचीस, आज एकाच पांघरुणात झोपायचा खेळ.

मार्लिस: हं.

कॅरिन: कुणालाच कळलं नाही?

मार्लिस: म्हाताऱ्या कांगासला कळलं. त्याच्याच ढिगावर होते मी, बीट काढत. गोळी डोक्यावरून गेली, मी पालथी पडले. तो धावत आला, बघतो तर पोर. पांढराफटक पडला. मी त्याच्या पायाला मिठी मारली, म्हटलं, कुणाला सांगू नका. दुसऱ्या दिवसापासून त्या ढिगावर अर्धा पाव असायचा. कागदात गुंडाळलेला.

कॅरिन: पाव मी कधी खाल्ला नाही.

मार्लिस: नंतरचं सूप दाट कशाने व्हायचं?

कॅरिन: आणि तू? तू काय खायचीस?

मार्लिस: मका. कच्चा. ते जाऊ दे.

कॅरिन: जाऊ दे काय?

मार्लिस: मला त्याचं काही नाही वाटत. एकच वाटतं, अजूनही. मी तो धूर केला नसता तर पहिल्याच शनिवारी कुणीतरी आलं असतं. सुटलो असतो. मी हुशारी केली. चौदा वर्षांच्या पोरीची हुशारी. आणि तुझ्या अंगावरचं मांस गेलं ते गेलंच, त्यानंतर तू कधी धड वाढली नाहीस. डॉक्टर म्हणाले नव्हते, एल्सीच्या वेळी? लहानपणी उपासमार झालीये का म्हणून?

कॅरिन: मी त्यांना सांगितलं होतं, हो, पण मला त्याची सवय आहे. अभिमानाने सांगितलं होतं.

मार्लिस: माहितीये. मी बाजूलाच होते.

कॅरिन: डॅडी आला तेव्हा म्हणाला होता. ट्रकवर हरीण बांधलेलं, दारात उभा राहून म्हणाला, "ही पोरगी कुठेही टिकेल." माझ्याकडे बघून म्हणाला. तू ऐकलंस ना? तेवढं तरी खरं ना?

मार्लिस: ऐकू आलं. मी आत होते, पाय गरम पाण्यात घालून. बर्फाने तेव्हाच गेली पायाची ती दोन बोटं.

कॅरिन: ती दारात सापडली होती. तू सांगितलं होतंस, दारात सापडली.

मार्लिस: सांगितलं होतं.

कॅरिन: एकोणतीस वर्षं! एकोणतीस वर्षं गप्प बसलीस आणि आज सांगतेस? उद्या गाडी येतेय माझी! तुला बघवत नाहीये का, मी कुठेतरी पोचतेय ते?

मार्लिस: आवाज. पोरगी आत आहे.

कॅरिन: का सांगितलंस?

मार्लिस: कारण तू तिथे एकटी बसून भूक बंद व्हायची वाट बघशील. आणि ती होणार नाही, कॅरी. तिसऱ्या दिवशी नाही, दहाव्याही नाही. आणि तू लाल बटण दाबणार नाहीस. तुला वाटत राहील, अजून थोडं, माझं शरीर वेगळं आहे.

कॅरिन: मग इतकी वर्षं का नाही सांगितलंस?

मार्लिस: तुझ्याकडे दुसरं काही नव्हतं म्हणून. नवरा तुला सोडून गेला तेव्हा तू म्हणालीस, मी एकोणीस दिवस काढलेत, हेही काढीन. नोकरी गेली तेव्हाही तेच. म्हटलं, असू दे. त्याच्यावर उभी राहतेय ना, राहू दे.

कॅरिन: आणि आता कशावर राहू?

मार्लिस: मला नाही माहीत गं.

कॅरिन: म्हणजे मी नुसती पडून होते. भिंतीकडे तोंड करून. एवढंच केलं मी.

मार्लिस: नऊ वर्षांची होतीस.

कॅरिन: तूही चौदाचीच होतीस! मग तू जा ना! तूच जा, तू जिंकशील. तुझीच तयारी झालीये!

मार्लिस: मी? मला कुणी लाख दिले तरी मी एक रात्र उपाशी झोपणार नाही. माझ्या उशाशी बिस्किटांचा डबा असतो, अजून. नवऱ्याला, बिलला वाटतं मला गोड आवडतं म्हणून.

कॅरिन: फोन करून सांगू त्यांना? काय सांगू? की माझं आयुष्य माझं नव्हतं, बहिणीचं होतं, चुकून पाठवलं?

मार्लिस: आजारी आहे म्हण.

कॅरिन: आणि सोमवारी काय करू? मंगळवारी? याच खुर्चीत बसू? "सध्या काही नाही"? नाही, मार्लिस. मी जाते. गाठ तर गाठ, शिकव मला आत्ता सुलटी गाठ. तार आहे का तुझ्या गाडीत?

मार्लिस: एका दुपारात शिकायची गोष्ट नाही ती.

कॅरिन: शिकव म्हणतेय ना!

एल्सी: मॉम, तू ओरडतेस का?

कॅरिन: नाही गं, सोन्या. आम्ही बोलतोय. झालं रंगवून?

एल्सी: तळं झालं. तू राहिलीस. मॉम, मार्लिस आंटीकडे मी किती दिवस राहायचं?

कॅरिन: ते... ते आधी सांगता येत नाही, राणी.

एल्सी: जो सगळ्यात उशिरा घरी येतो तो जिंकतो. हो ना?

कॅरिन: हो. तसंच.

एल्सी: आणि लवकर आलीस तर हरलीस.

मार्लिस: एल्सी, टोस्ट खातेस? ये इकडे, जॅम लावून देते.

एल्सी: नको. आंटी, तुझ्याकडे झोपायच्या आधी प्रार्थना म्हणायला लागते ना? मोठ्याने?

मार्लिस: लागते.

एल्सी: मग मॉम, मी काय मागू? तू जिंकावंस, का तू यावंस?