सावलीची हरकत

महापालिकेच्या नागरी सुविधा केंद्रात बायकोच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी रांगेत उभा होतो. पुढे शुक्रवार पेठेतल्या दोघी शेजारणी होत्या. विद्यार्थ्यांसाठी होणाऱ्या बारा मजली इमारतीला हरकत घ्यायला आलेल्या.

"केसरक्का, गच्चीवर सावली पडल्यावर तुमची कडक भाकरी वाळंल कशी?"

"तेच की, अजीजा! धंदाच बसंल माजा."

"पर एवढी पोरं येनार. रात्री भूक लागल्यावर काय खातील?"

"काय?"

"कडक भाकरी!"

"अगं बया! मग हरकत घ्यायचीच न्हाय व्हय?"

"घ्यायची की. सावली आमच्या घरावर पाडा म्हनायचं. सासूबाईंना लई उकडतंय."

खिडकीतून कारकून म्हणाला, "बोला, कशाला हरकत?"

"इमारतीला न्हाय ओ, साहेब! सावली तेवढी हिच्या सासूवर पाडा!"